वर्कफ्लोवर अतिभार येतो तेव्हा: देखरेखीचे आणि मर्यादांचे नियम कसे लावावेत

वर्कफ्लो सॉफ्टवेअर, म्हणजे ठरलेल्या पायऱ्यांचं काम आपोआप चालवणारं सॉफ्टवेअर, बसवल्यावर बहुतेक जण 'काम फसलं तर ईमेल पाठव' एवढा एकच नियम लावतात आणि देखरेखीचं काम झालं असं समजतात. तो नियम हवाच, पण अतिभाराच्या वेळी त्याचा उपयोग फार थोडा. अतिभारात कामं सुरुवातीला फसत नाहीत, रेंगाळतात. प्रत्येक पायरीला जरा जास्त वेळ लागू लागतो, रांग वाढत जाते, आणि पहिला एरर दिसेपर्यंत हजारो कामं साचलेली असतात.

त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे क्षमतेपेक्षा जास्त काम आलं की काही काम थांबणारच. कोणतं थांबायचं हे तुम्ही आधी ठरवलं नसेल, तर मेमरी संपलेला सर्व्हर ते ठरवतो, आणि त्याला महत्त्वाचं काम कोणतं ते कळत नाही. खालचे सगळे नियम या एका निर्णयाभोवती आहेत.

उदाहरणासाठी एकच वर्कफ्लो घेऊ. ऑर्डर येते, बाहेरच्या एका सेवेला दोनदा कॉल करून तपशील पडताळला जातो, बिल तयार होऊन डेटाबेसमध्ये नोंद होते आणि ग्राहकाला ईमेल जातो. तुम्ही एअरफ्लो वापरा, एन-एट-एन वापरा, सेलेरी वापरा किंवा आणखी काही; हिशेब हाच राहतो.

पायरी १: नियमांआधी हिशेब

तीन आकडे लागतात: मिनिटाला किती कामं येतात, एका कामाला किती वेळ लागतो, आणि साखळीतला सर्वांत अशक्त दुवा किती सोसतो. पहिले दोन लॉगमधून काढा, अंदाजाने लिहू नका. आवक पाहताना दिवसाची सरासरी घेऊ नका, सर्वांत गर्दीच्या तासातला आकडा घ्या.

समजा, गर्दीच्या वेळी मिनिटाला १२० ऑर्डर येतात, म्हणजे सेकंदाला २. एका ऑर्डरला सुरुवातीपासून शेवटपर्यंत ६ सेकंद लागतात. जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केलेला नियम सांगतो, की एका वेळी चालू असलेली कामं म्हणजे आवकेचा वेग गुणिले प्रत्येकाला लागणारा वेळ. इथे २ × ६ = १२. म्हणजे सरासरी १२ वर्कर सतत गुंतलेले असतील (इथे वर्कर म्हणजे एका वेळी एक काम उचलून पार पाडणारा प्रोसेस).

मग १२ वर्कर ठेवले की झालं, असं वाटतं. पण तिथेच रांग फुगते. कामं अनियमितपणे येत असतील आणि लागणारा वेळही कमी-जास्त असेल, तर वर्कर जितका जास्त व्यग्र, तितकी वाट पाहण्याची वेळ झपाट्याने वाढते. एकाच वर्करच्या साध्या गणितात तो ५० टक्के व्यग्र असेल तर सरासरी प्रतीक्षा एका कामाच्या वेळेइतकी असते. ८० टक्क्यांना ती ४ पट, ९० टक्क्यांना ९ पट आणि ९५ टक्क्यांना १९ पट होते. वर्कर जास्त असले की हा चढ थोडा सौम्य होतो, पण शेवटच्या टप्प्यात उसळी घेतोच. म्हणून गर्दीच्या वेळीही व्यग्रता ७० टक्क्यांच्या आसपास राहील असं बघा: १२ भागिले ०.७, म्हणजे साधारण १७ वर्कर.

आता अशक्त दुवा. बाहेरची सेवा सेकंदाला ५ कॉलच घेते असं धरा. सेकंदाला २ ऑर्डर आणि प्रत्येकीचे २ कॉल, म्हणजे ४ कॉल. एरवी सगळं आलबेल. पण १७ वर्कर पूर्ण ताकदीने चालले तर सेकंदाला २.८ ऑर्डर, म्हणजे ५.६ कॉल निघतात. रांग साचली की वर्कर पूर्ण ताकदीनेच चालतात, आणि नेमक्या त्या वेळी ४२९ हे उत्तर येऊ लागतं, म्हणजे 'फार विनंत्या झाल्या, थांबा'. एका वेळी किती कामं चालतील ही मर्यादा आणि सेकंदाला किती कॉल जातील ही मर्यादा, या दोन्ही वेगवेगळ्या लावाव्या लागतात त्या यामुळे. एक लावली म्हणून दुसरीतून सुटका होत नाही.

हाच हिशेब बिघाडाच्या दिवसासाठी करून बघा. बाहेरची सेवा मंदावली आणि एका ऑर्डरला ६ ऐवजी १८ सेकंद लागू लागले. १७ वर्कर आता सेकंदाला ०.९४ ऑर्डर उरकतात, आवक मात्र २ आहे. तासाभरात साधारण ३,८०० ऑर्डर साचतात. मग सेवा सुधारते. तिच्या ५ कॉलच्या मर्यादेत सेकंदाला जास्तीत जास्त २.५ ऑर्डर होतात आणि त्यातल्या २ नव्या आवकेवरच खर्च होतात. जुना साठा उपसायला उरते सेकंदाला अर्धी ऑर्डर. ३,८०० ऑर्डर संपायला दोन तासांहून जास्त वेळ लागतो. सुरक्षेसाठी मर्यादा ४.५ कॉलवर ठेवली असेल तर सव्वाचार तास. एका तासाच्या अडथळ्याची भरपाई किती तास चालेल, हा आकडा तुमच्या वर्कफ्लोसाठी काढून टिपून ठेवा. पुढचे बरेच निर्णय त्यावर अवलंबून आहेत.

पायरी २: काय मोजायचं

डॅशबोर्डवर चाळीस आलेख लावता येतात, पण मध्यरात्री अलर्ट आला की त्यातले चार-पाचच बघितले जातात. ते हे:

- रांगेतल्या सर्वांत जुन्या कामाचं वय
- आवकेचा आणि काम पूर्ण होण्याचा वेग, एकाच आलेखावर
- प्रत्येक पायरीला लागणारा वेळ, ५० व्या आणि ९५ व्या शतमकाला (९५ वा शतमक म्हणजे शंभरातली ९५ कामं ज्या वेळेच्या आत होतात ती वेळ)
- किती वर्कर गुंतलेले आहेत, टक्क्यांत
- पहिल्याच प्रयत्नात पूर्ण झालेल्या कामांचं प्रमाण

यातलं पहिलं माप सर्वांत मोलाचं आहे. रांगेची लांबी फसवते: ५०० कामं पडली आहेत हे ऐकून काहीच कळत नाही, कारण ती कधी दोन मिनिटांत संपतात तर कधी दोन तासांत. सर्वांत जुनं काम ११ मिनिटांपासून पडून आहे, असं म्हटलं की ग्राहकाला काय भोगावं लागतंय ते थेट समजतं.

लांबी आणखी एका कारणाने फसवते. सेलेरीत वर्कर कामं आगाऊ उचलून स्वतःजवळ ठेवतो. हे किती उचलायचं ते ठरवणारा प्रीफेच मल्टिप्लायर मुळात, म्हणजे आपण काही बदललं नाही तर, ४ असतो, म्हणजे ८ प्रोसेस चालवणारा वर्कर ३२ कामं उचलून बसतो. कामांची रांग सांभाळणाऱ्या रॅबिटएमक्यूच्या पडद्यावर 'रेडी' रांग रिकामी दिसते आणि ही कामं 'अनॅक्ड'मध्ये, म्हणजे उचललेली पण पोचपावती न मिळालेली, असतात. एकेका कामाला मिनिटं लागत असतील तर एक वर्कर कामांचा ढीग धरून बसतो आणि शेजारचा रिकामा राहतो. लांब कामांसाठी हा मल्टिप्लायर १ करा आणि आलेखात रेडी व अनॅक्ड दोन्ही मोजा.

सरासरी वेळेवर विसंबू नका. शंभरातली ९५ कामं २ सेकंदांत आणि ५ कामं ८० सेकंदांत होत असतील, तर सरासरी ५.९ सेकंद येते. प्रत्यक्षात एकाही कामाला ५.९ सेकंद लागलेले नसतात.

मोजणी करणारी यंत्रणा त्याच वर्कफ्लो सॉफ्टवेअरमध्ये चालवू नका. कामं वेळेवर सुरू करणारा शेड्युलर अडकला तर 'शेड्युलर अडकलाय' हे सांगणारा वर्कफ्लोही सुरू होणार नाही.

पायरी ३: एका वेळी किती कामं

इथे पहिल्यांदा सॉफ्टवेअरची मुळातली मूल्यं तपासा, कारण अनेकांचा अतिभार तिथूनच सुरू होतो. एन-एट-एनच्या साध्या मोडमध्ये एका वेळी चालणाऱ्या एक्झिक्युशनवर (वर्कफ्लोच्या एकेका फेरीवर) मुळात मर्यादा नसते. कॉन्करन्सी प्रॉडक्शन लिमिटचं मूल्य उणे १ असतं आणि त्याचा अर्थ 'मोकळं सोडा'. एकाच वेळी ४०० वेबहूक (बाहेरून आपोआप येणाऱ्या, वर्कफ्लो सुरू करणाऱ्या विनंत्या) आले की ४०० कामं सुरू होतात आणि मेमरी संपते. तिथे आपल्या हिशेबातला आकडा घाला, जास्तीची कामं आपोआप रांगेत थांबतात. क्यू मोडमध्ये, म्हणजे वेगळे वर्कर रांगेतून कामं उचलतात तेव्हा, प्रत्येक वर्कर मुळात एका वेळी १० कामं घेतो, त्यामुळे ३ वर्कर म्हणजे ३० कामं हे लक्षात ठेवा.

एअरफ्लोमध्ये मर्यादा अनेक थरांवर असतात: पॅरललिझम (एकूण एका वेळी चालणाऱ्या टास्क) ३२, एका डॅगमधली चालू टास्क १६, एका डॅगचे चालू रन १६, आणि डिफॉल्ट पूलमध्ये १२८ जागा. (डॅग म्हणजे एअरफ्लोतला एक वर्कफ्लो, टास्क म्हणजे त्यातली पायरी, रन म्हणजे त्याची एक फेरी, आणि पूल म्हणजे टास्कमध्ये वाटून घ्यायच्या मोजक्या जागा.) यातला जो थर आधी भरेल तोच चालतो. 'वर्कर मोकळे आहेत तरी टास्क थांबलेलीच' ही नवख्यांची नेहमीची तक्रार बहुधा इथेच सुटते. बाहेरच्या प्रत्येक सेवेसाठी वेगळा पूल करा. पडताळणी सेवेसाठी ८ जागांचा पूल केला, की दहा वेगवेगळे डॅग तिला हाका मारत असले तरी एका वेळी ८ च टास्क तिच्यापर्यंत पोहोचतात. डॅगवर लावलेली मर्यादा हे करू शकत नाही, कारण तिला शेजारचा डॅग दिसत नाही.

एअरफ्लोतच आणखी दोन सापळे आहेत. पहिला कॅचअपचा, म्हणजे मागच्या राहिलेल्या फेऱ्या भरून काढण्याचा: दुसऱ्या आवृत्तीत तो मुळात चालू असतो. तासाला चालणाऱ्या डॅगची सुरुवातीची तारीख वर्षभरापूर्वीची लिहिली तर मागचे ८,७६० रन एकामागून एक सुरू होऊ लागतात. तिसऱ्या आवृत्तीत तो मुळात बंद आहे, तरीही डॅगमध्ये स्पष्ट लिहून टाका. दुसरा सापळा सेन्सरचा. फाइल येण्याची वाट पाहणारा सेन्सर 'पोक' मोडमध्ये पूर्ण वेळ जागा अडवून बसतो, आणि त्याचा मुळातला टाइमआउट, म्हणजे वाट पाहण्याची मुदत, ७ दिवसांचा आहे. असे १६ सेन्सर बसले की डॅग ठप्प होतो, आणि कधीकधी ज्या टास्कने ती फाइल तयार करायची तिलाच जागा मिळत नाही. मोड 'रीशेड्यूल' करा, म्हणजे दोन तपासण्यांच्या मध्ये जागा मोकळी होते, आणि टाइमआउट तासांत आणा.

रांग वाढली की वर्कर वाढवायचे, ही सर्वांची पहिली प्रतिक्रिया असते. ती तपासून घ्या. आपले १७ वर्कर प्रत्येकी ५ डेटाबेस कनेक्शन ठेवत असतील तर ८५ कनेक्शन होतात. पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये मुळात १०० ची मर्यादा असते. वर्कर २५ केले की १२५ कनेक्शन मागितली जातात आणि आतापर्यंत ठणठणीत असलेला डेटाबेस नकार देऊ लागतो. वर्कर आपोआप वाढवणारा नियम लावलात तर त्याला वरची मर्यादा घाला, आणि ती खालच्या सर्वांत अशक्त दुव्याच्या हिशेबाने ठरवा.

पायरी ४: रांगेलाही मर्यादा हवी

अमर्याद रांग सुरक्षित वाटते, कारण काही हरवत नाही. प्रत्यक्षात ती वेळेवर होणारं कामही बुडवते: तीन तासांपूर्वीची कामं उपसताना आत्ता आलेलं कामही तीन तास मागे पडतं. म्हणून प्रत्येक कामाच्या प्रकाराला दोन गोष्टी ठरवा. ते किती वेळाने निरुपयोगी होतं, आणि रांग भरली तर त्याचं काय करायचं.

आपल्या उदाहरणात बिल तयार होणं थांबता कामा नये. ईमेल उशिरा गेला तर चालेल. जोडीला मालाच्या साठ्याचा दर पाच मिनिटांनी ताळमेळ होतो असं धरा; तो एखाद्या वेळी चुकला तर काहीच बिघडत नाही, कारण पुढचा ताळमेळ तेच काम करतो. यावरून तीन रांगा होतात, आणि तिन्हींना वेगळे वर्कर द्यावेत. एकाच रांगेत प्राधान्यक्रमाचे आकडे घालण्यापेक्षा हे बरं, कारण हलकी कामं सगळे वर्कर अडवून बसली तर प्राधान्यक्रम बघायला कुणी मोकळंच उरत नाही. ताळमेळाच्या कामाला ५ मिनिटांची मुदत घाला, मुदत टळली की ते आपोआप गळेल. ईमेलची रांग भरली की नवं काम नाकारून ते डेटाबेसमध्ये 'नंतर पाठवायचं' म्हणून टिपा. बिलांची रांग भरत आली तर ज्या ठिकाणाहून ऑर्डर येतात तिथेच वेग कमी करा: वेबहूकला ५०३ ('आत्ता शक्य नाही') हे उत्तर द्या आणि किती सेकंदांनी परत यायचं ते रीट्राय-आफ्टर या हेडरमध्ये सांगा.

आवक थांबवण्याचा आणि पुन्हा सुरू करण्याचा आकडा एकच ठेवू नका. ८० टक्के भरल्यावर थांबवा आणि ६० टक्क्यांवर उतरल्यावर सुरू करा. दोन्ही ८० ठेवले तर रांग ७९ आणि ८१ मध्ये हेलकावत राहते, झडप दर काही सेकंदांनी उघडते-मिटते आणि अलर्टचा पाऊस पडतो.

पायरी ५: टाइमआउट, आतून बाहेर

टाइमआउट नसलेली एक पायरी पुरते. ती वर्कर कायमचा अडवून ठेवते. नियम असा, की आतला टाइमआउट बाहेरच्यापेक्षा नेहमी लहान असावा. पडताळणीच्या कॉलचा ९९ वा शतमक ३ सेकंद असेल तर कॉलला १० सेकंद द्या, पूर्ण पायरीला सगळे प्रयत्न धरून २ मिनिटं, आणि पूर्ण कामाला १० मिनिटं. उलट झालं, म्हणजे पायरी ५ सेकंदांत तोडली आणि आतला कॉल १० सेकंद चालू राहिला, तर वर्कफ्लोच्या लेखी काम फसलेलं असतं पण समोरच्या सेवेवरचा भार तसाच असतो.

सर्वांत बाहेरचा टाइमआउट रांगेचा असतो आणि तोच विसरला जातो. सेलेरीची रांग रेडिसवर ठेवली असेल तर व्हिजिबिलिटी टाइमआउट, म्हणजे पोचपावतीची वाट पाहण्याची मुदत, मुळात १ तास असतो. उशिरा, म्हणजे काम संपल्यावर, पोचपावती देण्याची सेटिंग चालू असेल आणि एखादं काम ७० मिनिटं चाललं, तर साठाव्या मिनिटाला रांग समजते की वर्कर मेला, आणि तेच काम दुसऱ्याला देते. आता ते दोनदा चालतंय. रॅबिटएमक्यूमध्ये पोचपावतीची वाट मुळात ३० मिनिटं पाहिली जाते, नंतर रॅबिटएमक्यू वर्करशी असलेला चॅनेलच बंद करतो. तुमच्या सर्वांत लांब कामाची वेळ आणि हे आकडे शेजारी-शेजारी लिहून ताडून बघा.

पायरी ६: पुन्हा प्रयत्न

चांगल्या हेतूने लावलेल्या रीट्रायइतकं, म्हणजे पुनःप्रयत्नाइतकं, नुकसान दुसरा कोणताही नियम करत नाही. समोरची सेवा दमली असताना आपण तिच्यावर दुप्पट-तिप्पट विनंत्या टाकतो. थर जास्त असले की हे गुणाकाराने वाढतं: कॉल पाठवणारी एचटीटीपी लायब्ररी ४ वेळा प्रयत्न करते, वर्कफ्लोची पायरी ४ वेळा, आणि पूर्ण काम ४ वेळा, एका ऑर्डरसाठी ६४ कॉल जाऊ शकतात. म्हणून रीट्राय एकाच थरावर ठेवा, शक्यतो पायरीच्या, आणि बाकीचे बंद करा.

कशावर पुन्हा प्रयत्न करायचा तेही ठरवा. ४२९, ५०२, ५०३, ५०४ आणि टाइमआउट या तात्पुरत्या अडचणींवर करा. ४००, ४०१, ४०३, ४०४ आणि ४२२ यांवर करू नका. चुकीचा डेटा किंवा संपलेला पासवर्ड दहाव्या प्रयत्नातही तसाच असतो.

दोन प्रयत्नांमधलं अंतर दरवेळी दुप्पट करा: २, ४, ८, १६, ३२ सेकंद, कमाल ६०. त्यात यदृच्छा घालायलाच हवी, म्हणजे १६ सेकंदांच्या पाळीला ० ते १६ मधला कोणताही आकडा घ्यायचा. नाही तर एकाच क्षणी फसलेली ३०० कामं एकाच क्षणी परत येतात आणि सेवेला पुन्हा पाडतात. समोरून रीट्राय-आफ्टर आला असेल तर त्याआधी प्रयत्न करू नका. वर एक अंदाजपत्रक ठेवा: गेल्या मिनिटातल्या एकूण कॉलपैकी पुनःप्रयत्न १० टक्क्यांच्या वर गेले तर नवे पुनःप्रयत्न बंद. आपल्या उदाहरणात सेकंदाला ५ पैकी ४ कॉल आधीच खर्च होतात, त्यामुळे याहून उदार राहायला जागाच नाही.

कोणतीही पायरी पुन्हा चालवण्याआधी ती दोनदा चालली तर काय होईल ते बघा. टाइमआउट झाला म्हणजे काम झालं नाही असं नव्हे, फक्त उत्तर पोहोचलं नाही. बिलाच्या नोंदीला ऑर्डर क्रमांकावर युनिक की लावा, म्हणजे एका ऑर्डरची दुसरी नोंद होणार नाही, आणि पैशाच्या प्रत्येक कॉलसोबत आयडेम्पोटन्सी की (तोच कॉल पुन्हा आल्याचं समोरच्याला ओळखता येईल अशी खूण) पाठवा. हे होईपर्यंत त्या पायरीवर रीट्राय लावू नका.

पाच प्रयत्नांनंतरही फसलेलं काम डेड लेटर रांगेत, म्हणजे फसलेल्या कामांच्या वेगळ्या रांगेत, टाका, एररसकट. तिथे एक जरी काम पडलं तरी कामाच्या वेळेत कुणीतरी बघावं. ते सगळं आपोआप मूळ रांगेत परत टाकणारा नियम कृपया लावू नका: एखाद्या बिघडलेल्या फाइलमुळे वर्कर कोसळत असेल तर ती फाइल फिरून फिरून येते आणि एकेक वर्कर पाडत जाते.

पायरी ७: सर्किट ब्रेकर

बाहेरची सेवा पूर्ण कोसळली असेल तर कॉल करण्यातच अर्थ नसतो. अशा वेळी कॉल तोडणारा नियम म्हणजे सर्किट ब्रेकर; विजेच्या सर्किटसारखा तो उघडला की कॉल थांबतात, मिटला की पुन्हा जातात. ब्रेकरचे सुरुवातीचे आकडे असे ठेवता येतील: ६० सेकंदांच्या खिडकीत किमान २० कॉल झालेले असावेत, त्यातले ५० टक्के फसले तर ब्रेकर उघडावा, ३० सेकंद एकही कॉल जाऊ नये, मग ३ चाचणी कॉल सोडावेत, आणि तिन्ही जमले तरच ब्रेकर मिटावा. 'किमान २०' ही अट वगळू नका. ती नसेल तर पहाटे आलेल्या दोन कॉलपैकी एक फसला की ५० टक्के भरतात आणि ब्रेकर उघडतो.

वर्कफ्लोमधला ब्रेकर वेबसाइटमधल्या ब्रेकरपेक्षा एका बाबतीत वेगळा लावावा लागतो. वेबसाइट वापरकर्त्याला लगेच नकार देते. वर्कफ्लोने ब्रेकर उघडल्यावर कामं फसवत सुटू नये, रांगेतून उचलणंच थांबवावं. नाही तर ३० सेकंदांत शेकडो कामं आपले पाचही प्रयत्न भराभर संपवून डेड लेटर रांगेत जाऊन पडतात, आणि सेवा सुधारल्यावर ती हाताने परत आणावी लागतात. ४२९ हे उत्तर ब्रेकरच्या हिशेबात धरू नका. तो सेवेचा बिघाड नाही, आपला वेग जास्त असल्याची सूचना आहे, आणि तिचं उत्तर वेग कमी करणं हेच.

पायरी ८: अलर्ट

अलर्ट लावताना एक कसोटी पुरते: हा वाचून माणसाने आत्ता काही करायचं आहे का? नसेल तर तो डॅशबोर्डवर असू द्या. प्रोसेसर ९० टक्के चालतोय यावर कुणाला उठवू नका. सर्वांत जुनं काम दहा मिनिटांपासून पडून आहे यावर उठवा.

बिल १५ मिनिटांत जाईल असं ग्राहकाला सांगितलं असेल तर ५ मिनिटांवर सूचना आणि १० मिनिटांवर फोन. प्रोमिथियस या मोजणीच्या सॉफ्टवेअरमध्ये नियमाच्या 'फॉर' (अट किती वेळ टिकायला हवी) या कलमात ३ ते ५ मिनिटं घाला, म्हणजे क्षणिक उसळी गळून जाते. मात्र वयावरच्या नियमाला मोठा 'फॉर' देऊ नका; १० मिनिटांची अट आणि वर ५ मिनिटांची वाट, म्हणजे फोन वाजेपर्यंत मुदत संपलेली असते. त्याचे अलर्ट पाठवणाऱ्या अलर्टमॅनेजरमध्ये गटाची वाट (एकत्र पाठवण्यासाठी थांबायची वेळ) ३० सेकंद आणि पुनरावृत्ती ४ तास ही मुळातली मूल्यं सुरुवातीला ठीक आहेत. त्यात दडपण्याचा एक नियम जोडा: डेटाबेस बंद असल्याचा अलर्ट चालू असताना त्यावर अवलंबून असलेल्या वर्कफ्लोंचे अलर्ट गप्प राहतील.

अलर्टचा मजकूर झोपेतून उठलेल्या माणसाला वाचायचा आहे. तो असा असावा: 'बिल-रांग: सर्वांत जुनं काम ११ मिनिटं पडून (मर्यादा १०). आवक सेकंदाला २.१, पूर्ण ०.९. पडताळणी पायरी ९५ वा शतमक १४ सेकंद, नेहमी ३. ब्रेकर मिटलेला. पहिलं पाऊल: पडताळणी सेवेचं स्थितीपान बघा; तिथे बिघाड असेल तर ब्रेकर हाताने उघडा.' यात काय बिघडलं, किती, कशामुळे असावं आणि आधी काय करायचं हे सगळं येतं. 'क्यू लॅटेन्सी हाय' एवढंच लिहिलं तर पहिली पंधरा मिनिटं शोधाशोधीत जातात.

शांततेवरही अलर्ट हवा. रात्री दोनला चालणारं काम सुरूच झालं नाही, तर फसण्याचा अलर्ट येत नाही, कारण काही फसलेलंच नसतं. प्रत्येक नियमित कामाने पूर्ण झाल्यावर बाहेरच्या एका ठिकाणी हजेरी लावावी, आणि ठरलेल्या वेळेत हजेरी आली नाही तर त्या ठिकाणाने ओरडावं. प्रोमिथियसमध्ये मोजमापच यायचं थांबलं तर 'मूल्य ६०० पेक्षा जास्त' हा नियम गप्प बसतो. तिथे मोजमाप गायब झालं का ते बघणाऱ्या अ‍ॅब्सेंट फंक्शनचा वेगळा नियम लिहावा लागतो. एन-एट-एनमध्ये एरर वर्कफ्लो (दुसरा वर्कफ्लो फसला की चालणारा) प्रत्येक वर्कफ्लोच्या सेटिंगमध्ये जाऊन जोडावा लागतो आणि हाताने चालवलेल्या एक्झिक्युशनला तो सुरू होत नाही. त्यामुळे 'टेस्ट केला पण अलर्ट आला नाही' म्हणून गोंधळू नका, ट्रिगरनेच चालवून बघा.

पायरी ९: नियम खरे आहेत का ते बघा

नवे नियम आठवडाभर फक्त नोंद ठेवण्यावर लावा: ब्रेकर उघडला असता, काम नाकारलं असतं, असं लॉगमध्ये लिहू द्या, प्रत्यक्ष थांबवू नका. गर्दीच्या वेळी रोज नाकारलं जात असेल तर आकडा चुकलाय. मग चाचणीच्या सर्व्हरवर चार गोष्टी करा. आवक दीडपट करा. पडताळणी सेवेच्या जागी १५ सेकंद थांबणारी खोटी सेवा बसवा. एक वर्कर कामाच्या मध्येच मारा आणि तीच ऑर्डर दोन बिलं बनवते का ते बघा. शेवटी मोजणी करणारी यंत्रणा बंद करा आणि कुणाला फोन जातो का ते पाहा. दुसरी चाचणी सर्वांत बोलकी असते: बंद पडलेली सेवा बहुतेक वर्कफ्लो सहन करतात, मंद सेवेने मात्र वर्कर एकेक करून अडकत जातात.

साठा उपसताना

बिघाड संपल्यावरचा तास हा दुसऱ्या बिघाडाचा तास असतो. सगळे वर्कर एकदम सोडू नका. आधी मर्यादा एक चतुर्थांशवर ठेवा, पाच मिनिटं पडताळणीची वेळ आणि ४२९ चं प्रमाण बघा, मग अर्ध्यावर, मग पूर्ण. मुदत टळलेली कामं आधी गाळून टाका. नव्या ऑर्डरला वेगळे वर्कर द्या आणि जुना साठा उरलेल्या क्षमतेवर चालवा. आधी काढून ठेवलेल्या आकड्यावरून ग्राहकसेवेला सांगा, की साठा साधारण किती वाजता संपेल. साठा खरंच घटतोय का, हे दर पंधरा मिनिटांनी ताडून बघा. घटत नसेल तर ईमेल आणि ताळमेळाच्या रांगा पूर्ण बंद करा आणि आवक वेबहूकवरच आणखी कमी करा. वर्कर वाढवण्याआधी डेटाबेसची कनेक्शन मोजा.